श्वासाचा चार्ज

बोंडपूर नगरपरिषदेच्या अग्निशमन दलात आगीत शिरणाऱ्या जवानाचा श्वास बाहेर बसलेला दुसरा माणूस घेत असे. या दुसऱ्या माणसाला श्वासनीस म्हणत.

पद्धत सोपी होती. जवान आगीच्या दारात उभा राहून "दिला" म्हणे, श्वासनीस "घेतला" म्हणे, आणि त्या क्षणापासून जवानाला स्वतः श्वास घ्यायचं काम उरत नसे. तो तोंड घट्ट मिटून धुरात शिरे. इकडे स्वच्छ हवेत श्वासनिसाची छाती दोघांसाठी वरखाली होत राही. जवान बाहेर आला की श्वासनीस "परत दिला" म्हणे, जवान "मिळाला" म्हणे, आणि चार्ज पुरा होई. परत करायला विसरून चालत नसे. आधीचे श्वासनीस आपल्या निरोपसमारंभाच्या हारतुऱ्यांत ते विसरले आणि मुलाकडे पुण्याला राहायला गेले. त्यांचा जवान अजून बोंडपुरातच आहे, पानाची टपरी चालवतो. प्रकृती ठणठणीत आहे. मुलगा म्हाताऱ्याला ज्या रविवारी पर्वती चढायला नेतो, त्या रविवारी टपरी बंद असते, इतकंच.

त्यांच्यानंतर कुमुद गावंडे आल्या. त्यांची नेमणूक झाली नव्हती, खरेदी झाली होती. त्या वर्षी पदभरतीवर बंदी होती आणि खरेदीवर नव्हती, म्हणून नगरपरिषदेने रीतसर दरपत्रकं मागवून त्यांना 'श्वसन-संरक्षक उपकरण, नग एक' म्हणून विकत घेतलं आणि जडसंग्रहाच्या, म्हणजे कायम सामानाच्या, वहीत शिड्या, बादल्या आणि पाण्याच्या नळ्या यांच्याखाली त्यांची नोंद केली. कुमुदताईंना यात कमीपणा वाटला नाही. मुख्याधिकारी बदलतात, नगराध्यक्ष पडतात, उपकरण जागच्या जागी राहतं, असं त्या म्हणत. उपकरण म्हणून मिळालेला पितळी बिल्ला त्या दर सणाला चिंचेने घासत आणि लग्नकार्यालाही पदरावर लावून जात. उपकरणाला रजा नसते. मुलीच्या लग्नात त्यांना 'दुरुस्तीस पाठवले' असं दाखवलं होतं. उपकरणांच्या तेलपाण्याच्या तरतुदीतून त्यांना वर्षाकाठी खोबरेल तेलाचा डबा मिळे. तो त्या गल्लीत सगळ्यांना दाखवून मग घरात नेत.

त्यांचा जवान भास्कर तायडे. उंच, हाडापेराने मोठा आणि बोलायला लागला की न थांबणारा. धुरात तोंड मिटून राहावं लागे हीच काय ती त्याच्या कामातली खरी अडचण होती. शेजारच्या नगरपरिषदांचे जवान आगीतून खोकत, ओकत, डोळे चोळत बाहेर पडत. भास्कर बाजार करून आल्यासारखा बाहेर येई. "ताईंच्या श्वासाला लसणाचा वास येते," एवढीच तक्रार त्याने आजवर केली होती, आणि तीही नाश्त्याला काय होतं हे विचारण्यासाठी.

पहिल्या आगीत मात्र घोटाळा झाला होता. टायरचं दुकान पेटलं होतं. कुमुदताई समोर खुर्ची टाकून बसल्या आणि आगीकडे बघत राहिल्या. आता आगीकडे बघणारा माणूस श्वास रोखून बघतो. कुमुदताईंनीही रोखला, आणि आत भास्कर निळा पडू लागला. त्याच वेळी बानूबीचा भाजीचा गाडा गर्दीत अडकला होता. बानूबीने धंद्याची वेळ न दवडता विचारलं, "ताई, वांगी घेता का?" कुमुदताईंनी सवयीने भाव विचारला. भाव ऐकून त्यांनी जो श्वास ओढला तो थेट बेंबीपर्यंत गेला, आणि आत भास्करचा रंग परत आला.

तेव्हा बोंडपूरला शोध लागला की श्वासासाठी भाव करण्यासारखी दुसरी गोष्ट नाही. भाव करणारी बाई घाबरत नाही, पेंगत नाही आणि मध्येच थांबत नाही. भाव ऐकताना श्वास खोल आत जातो, उत्तर देताना लांबलचक बाहेर येतो. तेव्हापासून रिवाज पडला: कुमुदताईंची पाठ आगीकडे, तोंड बानूबीकडे. भोंगा वाजला की पुढे बंब आणि मागे भाजीचा गाडा निघे. गावातल्या बायका भोंगा ऐकून पिशव्या घेऊन बाहेर येत, कारण बानूबी आगीवर ताजा माल नेत असे.

अशा सुरळीत चाललेल्या कारभारात संचालनालयाचा 'श्वसन-संरक्षक उपकरण सुधारणा कार्यक्रम' आला आणि त्याच्यासोबत उपसंचालक देवतळे आले.

देवतळे साहेब शिडशिडीत, सभ्य आणि अतिशय बारकाईने बघणारे गृहस्थ होते. त्यांच्या मजकुराची खात्यात ख्याती होती. ते एकदा शेरा सांगायला लागले की लघुलेखकाच्या पेन्सिलीचं टोक झिजे, पण पूर्णविराम येत नसे. त्यांनी सोबत एक खुर्ची आणली होती. ती त्यांनी स्वतः कल्पिली होती: उंच पाठ, कापसाची गादी, मान टेकायला उशी, बाजूला छोटा पंखा, आणि मागे पाटी: 'शांतता राखा. श्वास चालू आहे.'

उपकरणाची पाहणी केंद्राच्या अंगणात झाली. केंद्राचे प्रमुख खंडारे साहेब आपला जुना पट्टा आवळून शेजारी उभे होते.

"आवरण?" देवतळे साहेबांनी कुमुदताईंच्या साडीकडे बघून विचारलं.

"दर दिवाळीला बदलतो, साहेब," खंडारे म्हणाले.

"गळती?"

"सर्दीत होते. पावसाळ्यात जास्त."

"आवाज करतं का?"

"थांबतच नाही," भास्कर म्हणाला.

"तू गप बस," उपकरण म्हणालं.

देवतळे साहेबांनी तेही टिपून घेतलं. मग त्यांची नजर फाटकाशी उभ्या असलेल्या गाड्याकडे गेली.

"हे काय आहे?"

"मेथी हाय साहेब," बानूबी म्हणाली. "सकाळचीच हाय. देऊ का?"

खंडारे साहेबांनी घसा साफ करून भाव करण्याची पद्धत समजावली. देवतळे साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"हा गाडा मंजूर आराखड्यात नाही," ते म्हणाले. "जवानाचा जीव भाजीच्या भावावर टांगून ठेवणं या काळात शोभत नाही. उपकरणाला स्वस्थता हवी. आज चाचणी खुर्चीवर होईल. गाडा फाटकाबाहेर."

"साहेब, मी गप्प बसून कधी श्वास घेतलेला नाही," कुमुदताई म्हणाल्या. "घरीसुद्धा."

"म्हणूनच सुधारणा," देवतळे साहेब मनापासून म्हणाले. त्यांना खरंच सगळ्यांचं भलं व्हावं असंच वाटत होतं.

चाचणीसाठी अंगणाच्या कडेची, जुन्या जकात नाक्याची बंद खोली घेतली होती. आत ओलं गवत पेटवलं होतं आणि माणसाऐवजी वाळूचं पोतं ठेवलं होतं. भास्करने ते शोधून बाहेर आणायचं. जेवणं नुकतीच आटोपली होती. कुमुदताई खुर्चीत बसल्या. खुर्चीने त्यांना अलगद मागे घेतलं. उशीवर मान टेकली. पंखा सुरू झाला.

"दिला," भास्कर म्हणाला.

"घेतला," कुमुदताई म्हणाल्या, आणि त्यातलं शेवटचं अक्षर जांभईत गेलं.

अंगणात पानही हललं नाही. खुर्ची उत्तमच होती. कुमुदताईंचा श्वास संथ झाला, मग अधिक संथ, मग त्याला बारीक शीळ जोडली गेली. वेळ जात राहिला. खोलीच्या दारातून नुसता धूर बाहेर येत होता. खंडारे साहेब अस्वस्थ होऊन पाटीकडे बघत आणि पाटी वाचून गप्प राहत. शेवटी फाटकाबाहेरून बानूबी ओरडली, "अवो ताई! झोपल्या का काय? तिकडं पोरगं मरंल ना!"

कुमुदताई दचकून जाग्या झाल्या. त्याच क्षणी आतून काहीतरी धडपडल्याचा आवाज आला आणि भास्कर डोळे चोळत दारात आला. पोतं त्याने उशीसारखं कवटाळलं होतं.

"लय मस्त झोप लागली होती बापा," तो म्हणाला. मग त्याने आजूबाजूला पाहिलं, आणि त्याच्या लक्षात आलं की हे बोलायला नको होतं.

कुमुदताईंनी श्वास परत दिला. देवतळे साहेबांनी डोळे मिटले आणि शेरा सांगितला. तो लांब होता, पण अर्थ एवढाच होता की उपकरण जुनं झालं आहे, कामाच्या वेळी बंद पडतं, दुरुस्ती शक्य दिसत नाही. त्याचं निर्लेखन करून, म्हणजे वहीतून नाव कमी करून, लिलावापर्यंत भंगारात ठेवावं आणि जवानासाठी सुधारित उपकरणाची मागणी नोंदवावी.

"खुर्चीने झोपवलं मला," कुमुदताई म्हणाल्या.

"खुर्ची मानकाप्रमाणे आहे, बाई."

"मग मानकाला झोप लागते."

"बिल्ला जमा करावा लागेल," देवतळे साहेब हळू आवाजात म्हणाले. त्यांनाही ते आवडलेलं दिसत नव्हतं.

कुमुदताईंनी पदरावरचा बिल्ला काढला. पदराने एकदा पुसला, उजेडात धरून बघितला आणि खंडारे साहेबांच्या हातावर ठेवला. मग केंद्राच्या शेडमध्ये जिथे मोडक्या शिड्या आणि फुटक्या बादल्या होत्या तिथे जाऊन उभ्या राहिल्या. शिडीवरची धूळ त्यांनी हाताने झटकली, कारण उभं राहायचं तर जागा स्वच्छ हवी.

भास्कर त्यांच्यामागे आला.

"ताई, तुमी गेल्या तर माझं कसं होईन?"

"सुधारित येणार आहे ना तुला. लसणाचा वास येणार नाही."

"मले दुसऱ्या कोनाचा श्वास नाई चालत. सवय नाई. पयल्याच आगीत ठसका लागून मरन मी."

"मरू नकोस. एवढी वर्षं तुला ओढून जिवंत ठेवलं ते काय मरायला?" कुमुदताई म्हणाल्या आणि त्यांनी तोंड फिरवलं. भास्करने चार्ज दिलेला नव्हता, तरी त्याची छाती थोडी दाटून आली.

त्याच दुपारी भोंगा वाजला. गावाबाहेरच्या जिनिंगमध्ये कापसाची गंजी पेटली होती आणि आग रेच्यांच्या, म्हणजे सरकी काढणाऱ्या यंत्रांच्या, शेडला लागली होती. रेच्यांवर बायका कामाला असतात.

जवान बंबावर चढले. खंडारे साहेबांनी शेडकडे बघून हाक मारली, "कुमुदताई, चला!"

"थांबा," देवतळे साहेब म्हणाले. "निर्लेखित उपकरण आगीवर वापरता येत नाही. नियम स्पष्ट आहे."

खंडारे साहेबांची सगळी नोकरी बंबावर गेली होती, पण त्याआधी त्यांनी काही दिवस आस्थापना शाखेत काढले होते. "वापरत नाही साहेब," ते म्हणाले. "लिलाव होईपर्यंत निर्लेखित वस्तू माझ्या ताब्यात असते. माझ्या ताब्यातली वस्तू माझ्याजवळ पाहिजे. आणि मी आगीवर चाललोय."

देवतळे साहेबांनी क्षणभर विचार केला. "हे नियमात बसतं," ते म्हणाले आणि जीपमध्ये बसले. "खुर्ची पण घ्या."

बानूबीचा गाडा दोराने बंबाच्या मागे बांधलेला होता आणि बानूबी गाड्यावर, मेथीच्या जुड्यांवर पाय सोडून बसली होती. देवतळे साहेबांनी तो पाहिला आणि सगळ्या रस्ताभर दुसऱ्या बाजूच्या शेतांची पाहणी केली.

कापूस भडकत कमी आणि धुमसतो जास्त. जिनिंगचं शेड आतून पांढऱ्या, दाट, रजईसारख्या धुराने भरलं होतं. बाहेर पडलेल्या बायका खोकत होत्या आणि एकमेकींना मोजत होत्या. तिघी कमी होत्या. शेडच्या पलीकडच्या टोकाला सरकी साठवायची दगडी खोली होती, तिथे त्या अडकल्या होत्या. त्या खोलीला बाहेरून एक झरोका होता, हात जाईल एवढा. त्यातून त्यांचा आवाज येत होता. बाहेर यायचं तर सगळं शेड ओलांडून यायला हवं होतं.

कुमुदताई आगीकडे पाठ करून उभ्या राहिल्या. पदरावर बिल्ल्याची जागा रिकामी होती आणि त्यांचा हात सारखा तिथे जात होता. भास्कर दारात उभा राहिला.

"ताई, दिला."

कुमुदताईंनी पदर सारखा केला.

"ताई! दिला म्हनलं ना!"

"भंगाराला देतोस काय रे?"

"तुमालेच देतो. भंगार असा का सोनं असा. लवकर घ्या, जळून राह्यलं तिकडं!"

"घेतला," कुमुदताई म्हणाल्या. त्यांनी बानूबीकडे तोंड केलं, दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि मेथीची एक जुडी उचलली. "काय भाव लावली वं?"

"तुमच्यासाठी कमीच हाय ताई."

"माझ्यासाठी कमी? मंग बाकीच्यांच्या गळ्यावर सुरी ठेवतं काय? ही मेथी हाय का पाचोळा?"

भास्कर धुरात शिरला.

थोड्या वेळाने तो परत दाराशी दिसला. त्याने तोंड न उघडता तीन बोटं दाखवली, मग आपल्या नाकाला हात लावला, मग हात जोडले. खंडारे साहेबांना समजलं. तिघी जिवंत होत्या, त्याच्याबरोबर हात धरून यायला तयार होत्या. पण शेड ओलांडेपर्यंत त्यांचा श्वास कोणीतरी बाहेर घ्यायला हवा होता.

"पयली माझी," कुमुदताई भाव न थांबवता म्हणाल्या. "दोघं ओढते मी. दे म्हणा."

खंडारे साहेब झरोक्याशी धावले. आतून "दिला" आला, कुमुदताईंनी घेतला, आणि त्यांचा आवाज एकदम दुप्पट चढला. बानूबीच्या टोपलीतल्या पालकाची पानं हलली.

"दुसरी मले द्या," बानूबी म्हणाली. यावर कोणालाच नवल वाटलं नाही. भाव एकटीने होत नाही. कुमुदताई जेवढी वर्षं श्वासनीस होत्या, तेवढी वर्षं बानूबीही समोरून तेवढाच श्वास घेत आली होती, फक्त तिची खरेदी झाली नव्हती. "घेतला!" ती ओरडली. "आन् ताई, पाचोळा म्हनाल तर मी गाडा घेऊन चालली घरी!"

"जा ना! बघू कोण घेते तुझी वांगी!"

आता तिसरी उरली. बंबावरचे जवान नळ्यांना चिकटलेले, चालक पंपावर, खंडारे साहेबांना हुकूम द्यायला स्वतःचा आवाज लागत होता. बाहेर आलेल्या बायकांना स्वतःचाच श्वास पुरत नव्हता. झरोक्यातून तिसरीचा आवाज आला. तिचं नाव यमुना इंगळे. "माहा कोनी घ्या हो! कोनी तरी घ्या!"

सगळे देवतळे साहेबांकडे बघू लागले.

"माझी नेमणूक निरीक्षणासाठी आहे," देवतळे साहेब म्हणाले.

"कोनी हाय का हो तिकडं?" यमुनाबाईचा आवाज आता बारीक झाला होता. "दिला म्हनते मी. दिला!"

देवतळे साहेबांनी टोपी काढून खुर्चीवर ठेवली.

"घेतला," ते म्हणाले.

पण सवय नसलेला माणूस जे करतो तेच त्यांनी केलं. ते आगीकडे बघू लागले आणि त्यांचा श्वास थांबला. झरोक्याच्या आत काहीतरी खाली कोसळलं.

"साहेब, पाठ करा!" कुमुदताई ओरडल्या. "आगीकडे पाठ! बोला! बोलत राहा!"

"काय बोलू?" देवतळे साहेबांनी पाठ फिरवून विचारलं. "मला भाजीतलं काही कळत नाही."

"मग जे कळतं ते बोला! शेरा सांगा! माझाच सांगा!"

देवतळे साहेबांनी डोळे मिटले. त्यांची पाठ ताठ झाली, छाती भरून आली, आणि ते सांगू लागले.

"मौजे बोंडपूर येथील श्वसन-संरक्षक उपकरणाची आज समक्ष तपासणी केली असता, सदर उपकरण जुने, बोलके व मानकात न बसणारे असल्याचे, तसेच चाचणीच्या वेळी ते गाढ झोपी गेल्याचे व त्यामुळे जवानही वाळूच्या पोत्यावर झोपी गेल्याचे आढळून आल्यावरून, सदर उपकरण निर्लेखनास योग्य आहे..."

त्यांनी एक डोळा उघडून दाराकडे पाहिलं. धुरातून भास्कर येत होता. एका हाताने पहिलीला, दुसऱ्याने दुसरीला ओढत होता. यमुनाबाई नव्हती. सरकीच्या पोत्यावरून पडून तिचा पाय मुरगळला होता आणि तिला मागे ठेवावं लागलं होतं. भास्करने दोघींना उजेडात ढकललं आणि तो पुन्हा आत वळला.

"थांबू नका साहेब!" खंडारे म्हणाले. "पूर्णविराम देऊ नका!"

"...योग्य आहे असे जरी प्रथमदर्शनी वाटले असले," देवतळे साहेबांनी श्वास भरला, "तरी, असे वाटण्यास या कार्यालयाने पुरविलेली खुर्ची कितपत कारणीभूत आहे याचा विचार करता, व सदर खुर्ची ही कोणासही झोप यावी इतकी उत्कृष्ट बनली आहे ही समाधानाची बाब ध्यानी घेता, तसेच सदर उपकरण सध्या दोन माणसांचा श्वास एकाच वेळी ओढत असून त्याशिवाय मेथीच्या ताजेपणाबद्दल वादही घालत आहे हे निम्नस्वाक्षरीकाराने स्वतः पाहिले असल्याने, व असे दुहेरी काम करणारे उपकरण राज्यात अन्यत्र असल्याचे ऐकिवात नसल्याने..."

मजकूर संपत आला. त्यांच्या कपाळावर घाम होता. धूर तसाच होता. त्यांनी समोर दिसेल ते घ्यायला सुरुवात केली.

"...आणि सदर उपकरणास जोडून असलेला भाजीचा गाडा, त्यावरील मेथी, पालक, वांगी व एक दुधी भोपळा, तसेच गाड्याची मालकीण, जिचा श्वासही निर्दोष असल्याचे दिसून येते, हे सर्व उपकरणाचे अविभाज्य अंग मानणे इष्ट ठरेल किंवा कसे, याबाबत साधकबाधक विचारांती, व बोंडपूरच्या नागरिकांनी कोणतीही मंजुरी न घेता, कोणताही आराखडा न मागता, केवळ भाव करता करता जी सुधारणा घडवून आणली तिच्याबद्दल या कार्यालयास, म्हणजे व्यक्तिशः मला, जो अभिमान वाटत आहे तो टिपणीत बसत नसला तरीही..."

शेडच्या दारात भास्कर दिसला. त्याच्या पाठीवर यमुनाबाई होती. तिचे डोळे मिटलेले होते, तोंडही मिटलेलं होतं, आणि तिची छाती देवतळे साहेबांच्या शब्दांबरोबर वरखाली होत होती.

"...सदर उपकरण गाड्यासह सेवेत कायम ठेवावे," देवतळे साहेब म्हणाले आणि भास्करने यमुनाबाईला जमिनीवर ठेवलं तेव्हा त्यांनी पूर्णविराम दिला.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बायका एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या आणि जवान अजून पाणी मारत होते. कुमुदताईंनी भास्करला श्वास परत दिला, मग पहिल्या बाईला. बानूबीने दुसरीला परत दिला आणि वर एक जुडी मेथी दिली. खंडारे साहेबांनी खिशातून बिल्ला काढला.

"नंतरचा शेरा आधीच्या शेऱ्याच्या जागी येतो," ते देवतळे साहेबांना म्हणाले. "बरोबर ना, साहेब?"

"बरोबर," देवतळे साहेब म्हणाले. त्यांना दम लागला होता. समोर बसलेल्या यमुनाबाईलाही लागला होता.

कुमुदताईंनी बिल्ला पदरावर लावला, जरा वाकडा लागला म्हणून काढून पुन्हा लावला आणि मग देवतळे साहेबांकडे वळल्या.

"साहेब, श्वास चांगला आहे तुमचा," त्या म्हणाल्या. "लांब आहे. मी आजवर एकाच दमात एवढं कुणाला ओढताना पाहिलं नाही. आता यमुनेचा परत द्या."

देवतळे साहेबांनी खुर्चीवरची टोपी उचलून डोक्यावर घातली. "तो मी व्यक्तिशः घेतला की पदसिद्ध म्हणून, हे आधी ठरायला हवं," ते म्हणाले. "पदसिद्ध असेल तर वरून आदेश आल्याशिवाय मला तो सोडता येणार नाही."

यमुनाबाईने पाय चोळत वर बघितलं. "राहू द्या साहेब," ती म्हणाली. "मले काई घाई नाई."

प्रस्ताव वर गेला आहे. खुर्ची बोंडपुरातच राहिली. पाळी संपवून आलेले जवान तिच्यात झोपतात आणि पाटीमुळे त्यांना कोणी उठवत नाही. जडसंग्रहात कुमुदताईंच्या नावाखाली आता गाडा आणि बानूबी यांचीही नोंद आहे, आणि तेलाचे दोन डबे येतात. दूरदूरच्या नगरपरिषदांची माणसं उपकरण बघायला येतात. कुमुदताई त्यांना आधी बिल्ला दाखवतात, मग बानूबी त्यांना भाव सांगते. ते जो श्वास ओढतात तो बघून कुमुदताई ठरवतात, यातला कोण श्वासनीस व्हायला लायक आहे.

यमुनाबाई पुन्हा रेच्यावर कामाला जाते. तिथे दिवसभर कापसाची तूस उडत असते आणि बाकीच्या बायका खोकतात; ती खोकत नाही, कारण देवतळे साहेबांच्या कचेरीत हवा गार आणि स्वच्छ आहे. सकाळी साहेब जिना चढतात तेव्हा ती क्षणभर रेच्याला टेकून उभी राहते. दुपारी जेवणानंतर तिला पेंग येते, ते सगळ्यांनी समजून घेतलं आहे. पण एखाद्या दिवशी तिची पाठ एकदम ताठ होते, छाती भरून येते, आणि एक लांब, भक्कम, न तुटणारा श्वास सुरू होतो, जो कितीतरी वेळ संपत नाही. तेव्हा आजूबाजूच्या बायका हातातलं काम थांबवून तिच्याकडे बघतात.

"साहेब मजकूर सांगायले बसले वाटते," त्या म्हणतात.

"हो," यमुनाबाई म्हणते, आणि मान जरा वर करते. "मोठा दिसते आजचा."